साहेब, उस्ताद, शागीर्द आणि दरवेश: इस्फहानच्या जामा मशिदीची गोष्ट

इराणमधल्या इस्फहानच्या जुन्या जामा मशिदीच्या चौकात उभे राहिले की चार दिशांना चार प्रचंड कमानी दिसतात. दक्षिणेकडची साहेबाची, पश्चिमेची उस्तादाची, पूर्वेची शागीर्दाची आणि उत्तरेची दरवेशाची. तिथले लोक त्यांना 'सोफे-ये साहेब', 'सोफे-ये ओस्ताद', 'सोफे-ये शागेर्द' आणि 'सोफे-ये दरविश' म्हणतात. यातल्या एकाही नावासाठी मराठी माणसाला कोश उघडावा लागत नाही. 'सोफे' हा शब्दही कानाला परका वाटत नाही, आणि डोळ्यांना तर ती वस्तू ओळखीचीच आहे: वर छत, तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू चौकाकडे सताड उघडी. वाड्यातला सोपा असाच असतो. चारही अंगांना सोपे असलेल्या घराला आपण चौसोपी वाडा म्हणतो. ही मशीद चौसोपी आहे एवढे ध्यानात ठेवले, तर तिची निम्मी रचना समजली.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र वेळ काढावा लागतो. ताजमहाल म्हटला की शाहजहान आठवतो, गोल घुमट म्हटला की मुहम्मद आदिलशाह. इथे असे एक नाव नाही. आठव्या शतकात या जागी पहिली मशीद उभी राहिली. त्यानंतर अब्बासी खलिफांचे सुभेदार, बुवैही, सेल्जुक, मंगोल, मुझफ्फरी, तैमुरी, आक कोयुन्लू, सफवी असे एकामागून एक राज्यकर्ते आले आणि प्रत्येकाने तिच्यात काही घातले, काही पाडले, काही झाकले. आज वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या जागेवर पसरलेली ही वास्तू म्हणजे इराणी वास्तुकलेचे सलग बारा शतकांचे दप्तर आहे. युनेस्कोने २०१२ साली तिला जागतिक वारसा यादीत घेतले.

या सगळ्या राजवटींना मी इथे सारखी जागा देणार नाही. माझ्या मते या मशिदीचा जीव अकराव्या शतकाच्या शेवटापासून बाराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या पन्नास-साठ वर्षांत आहे. तेवढ्या काळात तिचे रूप मुळापासून पालटले, आणि इराणी मशीद कशी दिसावी हे पुढच्या कित्येक शतकांसाठी ठरून गेले.

खांबाखांबाशी एक शाळा

आधी 'जामा' म्हणजे काय ते पाहू. गल्लीतली, पेठेतली मशीद रोजच्या नमाजाची. जामा मशीद साऱ्या गावाची. शुक्रवारी दुपारी सगळे तिथे जमतात आणि नमाजाआधी खुतबा, म्हणजे प्रवचन होते. जुन्या काळी त्या खुतब्यात राज्यकर्त्याचे नाव घेतले जाई. कोणाचे नाव घेतले यावरून शहर कोणाच्या ताब्यात आहे ते कळे. म्हणजे ही वास्तू धर्माची होती तशीच सत्तेचीही होती. हे दुसरे अंग विसरलो तर पुढची हकिकत कळणार नाही.

इस्फहानमधली पहिली जामा मशीद सुमारे ७७१-७२ ची. ती लहान पडू लागली तेव्हा ८४०-४१ मध्ये, खलिफा मुअतसिमच्या काळात, तिच्या जागी बरीच मोठी मशीद बांधली गेली. तिचा आराखडा त्या काळच्या अरब मशिदींचा होता. मध्ये मोकळा आयताकृती चौक आणि त्याच्याभोवती खांबांच्या रांगाच रांगा, वर लाकडाचे सपाट छत. इटालियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात इथे उत्खनन केले, तेव्हा आजच्या फरशीखाली या मशिदीच्या भिंती आणि त्यांवरचे चुनेगच्चीसारखे नक्षीकाम सापडले. चौकाची लांबीरुंदी तेव्हापासून फारशी बदललेली नाही. सुमारे ६५ मीटर बाय ५५ मीटरचा तो मोकळा तुकडा हीच या मशिदीतली सर्वांत स्थिर गोष्ट. बाकी सारे त्याच्याभोवती हलत राहिले.

दहाव्या शतकात बुवैही राज्यकर्त्यांनी चौकाच्या कडेने विटांच्या खांबांची आणखी एक रांग लावली. ते खांब नुसते गोल नव्हते. विटा उभ्या, आडव्या, तिरप्या लावून त्यांवर विणकामासारखी नक्षी केली होती. इराणच्या पठारावर चांगले इमारती लाकूड कमी आणि बांधकामाचा दगडही सगळीकडे हाताशी नाही. माती मात्र मुबलक. म्हणून तिथल्या गवंड्याने आपली सारी बुद्धी विटेवर खर्च केली. या नक्षीला फारसीत 'हजारबाफ' म्हणतात, हजार वेळा विणलेले. वीट विणता येते ही कल्पनाच मला फार आवडते.

खांबांच्या अशा मशिदीत एक गंमत असते. तिला मध्य नसतो. कुठेही उभे राहा, आजूबाजूला सारखेच खांब दिसतात. त्यामुळे प्रत्येक खांब ही एक छोटी स्वतंत्र जागा होते. अकराव्या शतकातल्या एका इस्फहानी लेखकाने आपल्या गावाचे वर्णन करताना लिहून ठेवले आहे की या मशिदीत प्रत्येक खांबाला टेकून एकेक शेख बसलेला असे आणि त्याच्याभोवती विद्यार्थ्यांचा घोळका. कोणी धर्मशास्त्र शिकवतो आहे, कोणी वाद घालतो आहे. मशिदीला लागून मोठे ग्रंथालय होते. म्हणजे हे खांब नुसते छत पेलत नव्हते. गावाचे शहाणपण त्यांच्याशी बसलेले होते.

आणि नेमके हेच खांब पाडले गेले.

वजिराचा घुमट

१०५१ साली सेल्जुक सुलतान तुघ्रिल बेगने दीर्घ वेढ्यानंतर इस्फहान घेतले. सेल्जुक मूळचे मध्य आशियातले तुर्क. पुढे मलिकशाहच्या काळात (१०७२ ते १०९२) त्यांचे राज्य मध्य आशियापासून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत पसरले आणि इस्फहान त्याची राजधानी होती. सुलतान तुर्क, पण कारभार पर्शियन माणसांच्या हाती. त्यांत सर्वांत मोठा निजाम-उल-मुल्क. तूसजवळ १०१८ मध्ये जन्मलेला हा माणूस जवळजवळ तीस वर्षे वजीर होता, आधी अल्प अर्सलानचा आणि मग मलिकशाहचा. त्याने ठिकठिकाणी 'निजामिया' मदरसे काढले, राज्य कसे चालवावे यावर ग्रंथ लिहिला.

१०८६-८७ च्या सुमारास निजामाने या मशिदीच्या दक्षिण भागात, किब्ल्याच्या भिंतीजवळ, एक विशाल घुमटाचे दालन बांधले. किब्ला म्हणजे मक्केची दिशा. इस्फहानहून मक्का नैऋत्येला पडते, म्हणून या मशिदीतली सगळ्यांत मानाची जागा त्या बाजूला. घुमटासाठी तिथले विसाहून अधिक खांब काढून टाकले. आत कोरलेल्या लेखात मलिकशाहचे आणि निजाम-उल-मुल्कचे नाव आहे.

अशा दालनाला मकसूरा म्हणत. राज्यकर्त्याने नमाजासाठी उभे राहायची राखीव जागा. गर्दीपासून वेगळी, सुरक्षित आणि लांबून ओळखू येणारी. जिथे कालपर्यंत शेख आणि विद्यार्थी खांबांशी बसत होते, तिथे आता सुलतानाचे दालन उभे राहिले. उत्खननातून असेही दिसले की सुरुवातीला हे दालन भोवतालच्या खांबांना जोडलेले नव्हते. आजूबाजूला मोकळी पट्टी सोडून ते एकटेच उभे होते. सपाट छताच्या, सारख्या उंचीच्या मशिदीत अचानक एक डोंगर उगवावा तसे ते इस्फहानकरांना दिसले असेल.

राजकारण बाजूला ठेवून त्या घुमटाखाली मान वर करून उभे राहिलो, तर खरा प्रश्न वेगळाच पडतो. हा राहिला कसा?

चौकोनावर गोल

दालन चौरस आहे, घुमट गोल. चौरस खोलीवर गोल टोपी ठेवायची तर अडचण कोपऱ्यांत येते. कागदावर करून पाहा. बाजू १५ मीटर असलेला चौकोन काढा आणि त्याच्या आत चारही बाजूंना टेकणारे वर्तुळ काढा. निजामाचा घुमट साधारण एवढाच आहे. वर्तुळ प्रत्येक भिंतीला मधोमध एकाच बिंदूत टेकते. कोपऱ्यात मात्र चौकोनाचे टोक आणि वर्तुळाची कड यांत तीन मीटरहून थोडे जास्त अंतर उरते. घुमटाच्या कडेच्या मोठ्या भागाखाली भिंतच नाही, नुसती हवा आहे. शेकडो टन विटा हवेवर ठेवता येत नाहीत.

इराणी गवंड्यांनी यावर तिसऱ्या शतकातच उपाय शोधला होता. फिरोझाबादला इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्यातल्या अर्दशीर राजाचा राजवाडा आहे, तिथे तो आजही पाहता येतो. चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यावर तिरपी कमान टाकायची, एका भिंतीपासून शेजारच्या भिंतीपर्यंत. चारही कोपरे असे कमानींनी कापले की चौकोनाचा अष्टकोन होतो. आता पुन्हा तोच हिशेब करा. अष्टकोनाच्या टोकापासून वर्तुळापर्यंतचे अंतर तीन मीटरवरून सुमारे ६० सेंटिमीटरवर येते. अष्टकोनावर आणखी सोळा लहान कमानी रचून सोळा बाजूंची आकृती केली, तर ते उरते अवघे १५ सेंटिमीटर. एका विटेच्या लांबीपेक्षाही कमी! तेवढी वीट गवंडी सहज पुढे सरकवतो. चौकोन, अष्टकोन, सोळाकोन आणि मग वर्तुळ. प्रत्येक पायरीला कोपरा थोडा थोडा मरत जातो.

निजामाच्या दालनात या तीनही पायऱ्या उघड्या दिसतात. मात्र इथली कोपऱ्यातली कमान साधी नाही. मोठ्या कमानीच्या पोटात मध्ये एक अरुंद कमानदार कोनाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना अर्ध्या-पाव घुमटाचे तुकडे, अशी तीन पाकळ्यांची रचना आहे. एका मोठ्या पोकळीने पेलायचे वजन अनेक लहान पोकळ्यांत वाटून दिले आहे. वाटणीची ही कल्पना पुढे वाढत गेली, लहान कोनाड्यांवर आणखी लहान कोनाडे आले, आणि तिच्यातून मधमाशांच्या पोळ्यासारखी लोंबणारी मुकर्नस नावाची रचना बहरली. या मशिदीच्या सोप्यांच्या माथ्यावर ती भरभरून दिसते.

ज्यांनी विजापूरचा गोल घुमट पाहिला आहे त्यांनी तिथला उपाय आठवावा. तिथेही प्रश्न हाच, पण उत्तर वेगळे. विजापूरला आठ कमानी एकमेकींना छेदत जातात आणि त्यांच्या जाळीतून घुमटाची गोल बैठक तयार होते. इस्फहानला कोपरा कापला, विजापूरला विणला. दोन्ही ठिकाणी गवंड्याच्या डोक्यात आधी भूमिती पक्की झाली असणार, मग हातात थापी आली असणार.

लाकूड कमी असल्यामुळे आणखी एक कौशल्य तयार झाले. आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंट्रिंगच्या फळ्या लावतात तसा एवढ्या मोठ्या घुमटाला खालून पूर्ण लाकडी साचा देणे परवडणारे नव्हते. इराणी कारागीर जिप्समचा गिलावा वापरत. त्याला ते 'गच' म्हणतात. तो इतक्या लवकर आवळतो की तिरकी ठेवलेली वीट क्षणभर हाताने धरली तरी जागेवर बसते. एक वर्तुळ पुरे झाले की ते स्वतःला स्वतःच धरून ठेवते आणि त्यावर पुढचे वर्तुळ चढते. घुमटाच्या आतून वर जाणाऱ्या जाड बरगड्या हे काम आणखी बळकट करतात. घुमटाचा जोर खाली असतो तसाच बाहेरही असतो, भिंतींना तो ढकलत असतो. म्हणून भिंती जाड आणि घुमट अर्धगोलापेक्षा किंचित टोकदार. टोकदार आकारामुळे वजन अधिक सरळ खाली उतरते.

प्रतिस्पर्ध्याचे उत्तर

आता उत्तरेकडे चला, चौक ओलांडून, दरवेशाच्या सोप्याच्याही मागे. तिथे दुसरा घुमट आहे. त्याला 'गुंबद-ए-खाकी' म्हणतात, मातीच्या रंगाचा घुमट. तो ताज-उल-मुल्कने १०८८-८९ मध्ये बांधला. हिजरी ४८१ हे साल त्यावर कोरलेले आहे. निजामाच्या घुमटानंतर दोन-तीन वर्षांतच, आणि बरोबर त्याच्याच रेषेत, पण समोरच्या टोकाला.

ताज-उल-मुल्क हा निजामाचा दरबारातला वैरी. मलिकशाहची राणी तेर्केन खातून हिचा तो कारभारी होता. राणीला आपला लहान मुलगा महमूद गादीवर हवा होता, निजामाचा कल दुसऱ्या मुलाकडे, बर्कियारुककडे होता. दोन वजनदार माणसे, दोन पक्ष आणि एकाच मशिदीच्या दोन टोकांना दोन घुमट. ताजचे दालन कशासाठी बांधले यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. कोणी म्हणते सुलतान नमाजाला जाण्याआधी तिथे पोशाख बदलत असे, कोणी त्याचा संबंध राणीशी जोडते. बांधले तेव्हा ते मशिदीच्या हद्दीबाहेर होते, नंतर मशीद वाढत जाऊन त्याच्यापर्यंत पोहोचली.

आकाराने हा घुमट लहान आहे, व्यास सुमारे १० मीटर. पण उंची त्याच्या जवळजवळ दुप्पट. निजामाचे दालन पाहून दरारा वाटतो. ताजच्या दालनात शिरल्यावर नजर आपोआप वर चढत जाते. कारण इथे प्रत्येक रेघेचा हिशेब आहे. जमिनीजवळच्या कोनाड्याची कड जिथे सुरू होते, तिथून ती वरच्या कमानीची कड होते, तिथून त्याहून वरच्या लहान कमानीची, आणि असे करत ती घुमटाच्या पायापर्यंत जाते. निजामाच्या दालनात अष्टकोनाची पायरी खालच्या भिंतींवर ठेवल्यासारखी वाटते, इथे ती भिंतींतून उगवते. मला स्वतःला जगातल्या विटांच्या बांधकामात याहून परिपूर्ण दुसरे काही ठाऊक नाही, आणि हे मी विचार करून लिहितो आहे.

घुमटाच्या आतल्या पृष्ठभागावर विटांनीच पाच कोनांवर आधारलेली तारकाकृती विणली आहे. खाली सगळा हिशेब चार, आठ, सोळाचा. सोळाला पाचाने भाग जात नाही, त्यामुळे वरच्या ताऱ्याची टोके खालच्या कमानींशी सरळसोट जुळणारच नाहीत. एरवी कोणीही वर आठ टोकांचा तारा काढून मोकळा झाला असता. इथे कोणीतरी मुद्दाम अवघड वाट धरली. वक्र पृष्ठभागावर पंचकोनी रचना फसू न देता बसवायची, तर भूमितीचे ज्ञान वरवरचे असून चालत नाही.

तो 'कोणीतरी' कोण? त्या वर्षांत उमर खय्याम इस्फहानमध्येच होता. रुबायांमुळे आपण त्याला ओळखतो, पण त्याच्या काळात तो गणिती आणि ज्योतिषशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेला होता. मलिकशाहच्या वेधशाळेत तो १०७४ पासून काम करत होता आणि १०७९ ला अमलात आलेले जलाली पंचांग करणाऱ्यांत त्याचा वाटा होता. हे पंचांग सौर वर्षाशी इतके घट्ट बसते की आजचे इराणी पंचांग त्याच परंपरेतले आहे. या घुमटाची भूमिती खय्यामने सुचवली असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. लेखी पुरावा नाही, तेव्हा तो तर्क म्हणूनच घ्यावा. पण ज्या शहरात असा माणूस राहत होता, तिथे असा घुमट उभा राहिला, हे मात्र खरे.

दोन घुमट उभे राहिले आणि चार-पाच वर्षांत सगळा खेळच उलटला. १०९२ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्कचा खून झाला. मारेकरी इस्माईली, म्हणजे शियांमधल्या एका पंथाचे, असल्याचे सांगितले गेले, काहींनी ताजकडे बोट दाखवले. महिनाभरात मलिकशाहही गेला. आणि पुढच्या वर्षी निजामाच्या माणसांनी ताजला ठार केले. घुमट तेवढे एकमेकांसमोर राहिले.

आगीनंतरचे चार सोपे

हिजरी ५१५ मध्ये, म्हणजे ११२१-२२ च्या सुमारास, मशिदीला आग लागली. त्या काळच्या इतिहासकारांनी दोष इस्माईलींना दिला. मशिदीच्या ईशान्येकडच्या एका दरवाजावरच्या लेखात या आगीनंतरच्या पुनर्बांधणीचा उल्लेख आहे. लाकडी छत होते, ते जळणारच. त्याच्या जागी विटांचे लहान लहान घुमट आणि कमानदार गोलवट छते आली. आजच्या मशिदीत अशी शेकडो छते आहेत आणि ती एकसारखी नाहीत. एका खणात साधी उलटी वाटी, शेजारच्या खणात चांदणी, पुढच्यात आठ बरगड्यांच्या छेदातून साधलेला झरोका. वेगवेगळ्या शतकांतल्या गवंड्यांनी आपापली करामत तिथे वर ठेवून दिली आहे. इथे मान दुखेपर्यंत वर पाहत फिरावे लागते.

याच बाराव्या शतकात चौकाच्या चार बाजूंच्या मधोमध ते चार सोपे आले. फारसीत या प्रकाराला ऐवान म्हणतात. ऐवान मशिदीसाठी शोधलेला नाही. आजच्या इराकमधल्या मदाइनचा, सासानी राजांचा ताक-ए-किस्रा हा प्रचंड दरबारी ऐवान त्याच्याआधी कित्येक शतके उभा होता. घरांत, राजवाड्यांत ऐवान असत. नवे होते ते एवढेच, की जुन्या अरब आराखड्याच्या मशिदीच्या चौकात ते चारही बाजूंना बसवले गेले.

या एका बदलाने काय झाले ते पाहा. खांबांच्या मशिदीला मध्य नव्हता, आता तिला आस मिळाली. दक्षिणेचा साहेबाचा सोपा सर्वांत मोठा, त्यावर दोन मिनार आणि त्याच्या मागे निजामाचा घुमट. चौकात पाऊल ठेवताच किब्ला कुठे आहे हे विचारावे लागत नाही. समोर उत्तरेला दरवेशाचा खोल, अरुंद सोपा. दोन बाजूंना उस्ताद आणि शागीर्द समोरासमोर. चौकाला आता दर्शनी भिंत मिळाली, आणि तीही आतल्या बाजूने. ही मशीद बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. बाजाराच्या गल्ल्या तिच्या भिंतींना चिकटून जातात, दुकाने तिला टेकलेली असतात, आणि एका साध्या दरवाजातून आत शिरले की अचानक आभाळ उघडते. आपल्या जुन्या वाड्याचेही असेच असते. रस्त्यावरून आतला चौक दिसत नाही.

इस्फहानला हे सारे जुन्यावर कलम करून झाले. थोड्याच वर्षांत, ११३५-३६ मध्ये, जवळच्या झवारे गावात पहिल्यापासूनच चार ऐवान धरून आखलेली मशीद बांधली गेली. म्हणजे इथे डागडुजीतून जे सुचले, त्याचा तिथे नियम झाला. पुढे तो समरकंद-हेरातपर्यंत गेला. दख्खनमध्येही त्याचा एक नमुना आहे. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान मूळचा इराणातल्या गिलानचा. त्याने १४७२ मध्ये बीदरला बांधलेला मदरसा चौक आणि ऐवानांच्याच घडणीचा, रंगीत चकाकत्या फरशांनी मढवलेला होता. १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात त्याचा मोठा भाग उडाला, तरी उरलेला मिनार आणि चौक पाहिला की पर्शियाचा हात लगेच ओळखू येतो. उदगीर-देगलूरकडच्या माणसाला तर बीदर अगदी जवळ आहे.

महिरप

सेल्जुकांनंतर मंगोल आले. चंगेझखानाच्या वंशातला उल्जायतू १३०४ ला इराणच्या गादीवर बसला. लहानपणी त्याचा बाप्तिस्मा झाला होता, नंतर तो मुसलमान झाला आणि १३०९-१० च्या सुमारास त्याने शिया पंथ घेतला. १३१० मध्ये पश्चिमेच्या सोप्याजवळच्या एका दालनात त्याच्या नावाचा मिहराब घडवला गेला. मिहराब म्हणजे किब्ल्याच्या भिंतीतला कमानदार कोनाडा, नमाज पढताना ज्याच्याकडे तोंड करायचे तो. आपला 'महिरप' हा शब्द इथूनच आला. देवघरापुढची महिरप, ताटाभोवतीच्या रांगोळीची महिरप, गणितातला महिरपी कंस, सगळ्यांच्या मुळाशी हा कोनाडा आहे.

उल्जायतूचा मिहराब सबंध गचामध्ये कोरलेला आहे. ओल्या गचाला आवळायला लागणाऱ्या वेळात कोरीव काम उरकायचे, मग पुढचा थर. हैदर नावाच्या सुलेखनकाराने त्यावरची अक्षरे घडवली. अक्षरांच्या मागे वेली, वेलींच्या मागे आणखी बारीक वेली, असे थर आहेत आणि अक्षरे त्या पानांमधून वाट काढत जातात. जवळ गेल्यावर वाटते की भिंत नसून दाट मांडव आहे.

त्याच्याच शेजारी १४४७ मध्ये तैमुरी काळातले हिवाळ्याचे दालन बांधले गेले. इस्फहान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, थंडीत उघड्या सोप्यांत बसवत नाही. म्हणून हे दालन मुद्दाम ठेंगणे, तंबूंची रांग असावी तशा बुटक्या, रुंद कमानींचे. नक्षी जवळजवळ नाही. खिडक्याही नाहीत, थंडी आत येऊ नये म्हणून. उजेडासाठी छतात अलाबास्टरच्या, म्हणजे अर्धपारदर्शक संगमरवरासारख्या दगडाच्या पातळ फरशा बसवल्या आहेत. त्यांतून गाळून येणारा उजेड दुधट असतो. पाहणाऱ्यांचे बहुधा निळ्या फरशांकडे लक्ष जाते आणि हे दालन राहून जाते, याची मला हळहळ वाटते.

निळ्या फरशा या मशिदीत बऱ्याच उशिरा आल्या. सेल्जुकांची मशीद विटेच्या रंगाची होती. पंधराव्या शतकात आक कोयुन्लू सुलतान उझून हसनच्या काळात, १४७५-७६ मध्ये, साहेबाच्या सोप्यावर फरशांचे मोठे काम झाले आणि सफवींनी ते पुढे वाढवले. यातले उत्तम काम 'मोअर्रक' पद्धतीचे. एकेका रंगाची फरशी भाजायची, मग ती छिन्नीने हव्या त्या आकारात कापायची आणि तुकडे जोडून चित्र करायचे. प्रत्येक रंगाला भट्टीत वेगळी आच लागते. फरशी स्वतंत्र भाजली की प्रत्येक रंग त्याच्या पूर्ण तेजावर येतो. म्हणून हे काम पाचशे वर्षांनंतरही फिके पडलेले नाही.

शाह अब्बासने १५९८ मध्ये इस्फहानला राजधानी आणली आणि दक्षिणेला नवे मैदान, नवी भव्य मशीद बांधली. जगभरच्या चित्रांत इस्फहान म्हणून दिसते ती बहुतेक तीच. पण जुनी जामा मशीद ओस पडली नाही. नव्या मैदानापासून जुन्या मशिदीपर्यंत झाकलेला बाजार लांबत गेला आणि माणसे त्यातून चालत येत राहिली.

इराण-इराक युद्धात, १९८० च्या दशकात, मशिदीच्या आग्नेय भागावर हल्ला झाला आणि तिथली छते कोसळली. युद्धानंतर तो भाग पुन्हा उभा केला गेला. खांबावर कमान, कमानीवर गोलवट छत, खणामागून खण.